फाळ, कंदील आणि कलकत्त्याचा कागद

बार्शीकडून येणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १९११ साली लातूरला पोचली. त्याच वर्षी कलकत्त्यात ब्रिटिश सरकारने पेटंट आणि डिझाइनचा नवा कायदा मंजूर केला. ऑगस्टमध्ये हैदराबादच्या गादीवर मीर उस्मान अली खान बसले. लातूर तेव्हा त्यांच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक व्यापारी गाव होतं. गाडी, कायदा आणि राजा यांची सांगड तेव्हा कुणी घातली नसेल. पण पुढच्या तीस-चाळीस वर्षांत मराठवाड्याच्या शेतात लोखंडी नांगर आला, ओसरीवर काचेचा कंदील टांगला गेला, गोठ्यात कडबा कापायचं यंत्र बसलं. या वस्तू कशा आल्या हे समजून घ्यायचं तर तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

गाडीपासून सुरुवात करू. बार्शी लाइट रेल्वे ज्याने उभी केली तो एव्हरार्ड कॅल्थ्रॉप स्वतःच एक संशोधक होता. १८८२ मध्ये तो जीआयपी रेल्वेच्या नोकरीसाठी हिंदुस्थानात आला. रूळ अरुंद ठेवायचे, आणि इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा त्याचा हिशोब होता. भार सगळीकडे सारखा वाटला गेला की हलके रूळ पुरतात आणि रूळ हलके असले की मार्ग स्वस्तात होतो. कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला गेली, दुसऱ्या बाजूने १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत आली आणि चार वर्षांनी लातूरला. पुढे कॅल्थ्रॉपने विमानातून उडी मारणाऱ्याचा जीव वाचवणारी हवाई छत्री तयार केली. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स १९१० मध्ये विमान कोसळून गेला होता. त्या धक्क्यातून त्याने हे काम हाती घेतलं आणि १९१३ मध्ये छत्रीचं पेटंट घेतलं. या छत्रीला ‘गार्डियन एंजल’ हे नाव मिळालं. लातूरच्या अडतीवरचा कापूस आणि धान्य मुंबईच्या वाटेला लावणारा माणूस विमानाच्या छत्रीचाही पेटंटधारक होता, ही माहिती आपल्याकडे फारशी कुणाला नाही. म्हणून ती इथे मुद्दाम नोंदवतो.

आता कायदा. पेटंट म्हणजे सोप्या भाषेत मुदतीचा मक्ता. एखाद्याने नवी युक्ती काढली, तर ती कशी चालते ते सरकारदरबारी आकृतीसह उघड करून सांगायचं. त्या बदल्यात ठरावीक वर्षं ती वस्तू बनवण्याचा आणि विकण्याचा हक्क त्या एकट्याचा. हिंदुस्थानात असा पहिला कायदा १८५६ मध्ये झाला. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याचा अभियंता जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग याने त्याच वर्षी ३ मार्चला केला. अर्ज होता पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने ओढत बसणारा नोकर तेव्हा साहेबांच्या प्रत्येक बंगल्यात असे, त्याच्या जागी यंत्र ठेवायचं होतं. म्हणजे या देशातलं पेटंट सुरू झालं तेच एका घरगुती वस्तूपासून. तो कायदा लंडनची रीतसर संमती न घेतल्यामुळे रद्द झाला. १८५९ मध्ये नवा आला, नंतर दुरुस्त्या होत गेल्या, आणि १९११ च्या कायद्याने सगळी घडी बसवली. कलकत्त्यात नियंत्रकाचं कार्यालय आलं. मक्त्याची मुदत १४ वर्षं ठरली, ती १९३० मध्ये १६ झाली.

हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. नांदेड, लातूर, उदगीर ही सगळी गावं निजामाच्या राज्यात, म्हणजे त्याच्या हद्दीबाहेर. लक्षात ठेवण्यासारखं असं की ज्या दोन कारखान्यांचा माल मराठी मुलखात घरोघर गेला, ते किर्लोस्करवाडी आणि ओगलेवाडीचे कारखानेही संस्थानी आश्रयाने, औंधच्या राजाच्या मदतीने उभे राहिले. कलकत्त्याचा कागद ज्या मुलखात चालत होता तो सोलापूर-साताऱ्याचा पट्टा मधे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संस्थानं. पेटंटाचा इतिहास लिहिताना कार्यालयातल्या नोंदवह्या उघडतात. मराठवाड्यापुरतं बोलायचं तर त्या वह्यांत फार थोडं सापडेल. इथला इतिहास लोहाराच्या भात्याजवळ आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर शोधावा लागतो.

लोखंडी नांगर येण्यापूर्वी इथल्या शेतकऱ्याकडे काय होतं? बाभळीच्या लाकडाचा नांगर, वखर, कोळपं आणि तिफण. तिफणीकडे जरा थांबून पाहिलं पाहिजे. तीन दाती, प्रत्येक दात्यात पोकळ नळी, तिन्ही नळ्या वर एका लाकडी चाड्यात एकत्र आलेल्या. चालता चालता पेरणारी बाई मुठीतून बी सोडते. ते तीन वाटांनी सारख्या अंतरावर, सारख्या खोलीवर, ओल्या मातीत पडतं. ओळीत पेरल्यामुळे पुढे कोळपणी करता येते. इंग्लंडमध्ये जेथ्रो टलचं पेरणी यंत्र १७०१ च्या सुमाराचं, आणि ते शेतकऱ्यांच्या गळी उतरायला पुढे शंभरेक वर्षं गेली. दक्षिण हिंदुस्थानातली तिफणीसारखीच पाभर पाहून १७९० च्या दशकात कॅप्टन थॉमस हॅल्कॉट चकित झाला. पेरणीची ही कला युरोपीय आहे अशी आपली समजूत होती, असं त्याने आपल्या लोकांना कळवलं आणि औजाराचा नमुनाही पाठवला. शतकभराने, १८८९ मध्ये, राणीच्या सरकारने डॉ. जॉन व्होल्कर या रसायनतज्ज्ञाला इथली शेती सुधारण्याचे उपाय शोधायला पाठवलं. १८९३ च्या अहवालात त्याने स्वच्छ लिहिलं की इथल्या चांगल्या शेतकऱ्याला शिकवण्यापेक्षा त्याच्याकडून शिकण्यासारखंच पुष्कळ आहे. तिफण कुणी शोधली याचा पत्ता नाही. शेकडो सुतारांनी ती घडवली. जमीन भारी असेल तर दात्यांतलं अंतर वाढवलं, हलकी असेल तर कमी केलं. हे संशोधनच होतं, फक्त त्यावर कुणाचं नाव नव्हतं.

पण लाकडी नांगराला एक जागा होती जिथे तो हरायचा. काळ्या, खोल रानात कुंदा आणि हरळी माजली की त्यांच्या मुळ्या हात-दीड हात खाली जातात. लाकडी नांगर माती फाडतो, पलटत नाही. मुळी तुटते आणि तुटलेल्या प्रत्येक तुकड्याला पुन्हा कोंब येतो. अशा रानात सहा-सहा, आठ-आठ बैलांचा नांगर धरावा लागे. एवढे बैल एका घरात नसत. मग इर्जिक घालायची, शेजाऱ्यांची जनावरं जमवायची, आणि तरीही काही वर्षांनी रान पुन्हा कुंद्याच्या ताब्यात जायचं. त्यामुळे दरवर्षी वखरपाळी आणि नांगरट कधीतरी, अशी रीत पडली होती. काळं रान धरून बसलेल्या कुळाला कर्ज सावकाराचं होतं आणि तण जमिनीचं, दोन्ही वाढत जाणारी.

तळापासून माती उचलून पलटणाऱ्या लोखंडी नांगराची युक्ती मराठवाड्यात येण्याआधी शंभर वर्षं जगात होती. न्यू जर्सीतल्या चार्ल्स न्यूबोल्डने ओतीव लोखंडाच्या नांगराचं पेटंट १७९७ मध्ये घेतलं. शेतकऱ्यांनी तो घेतला नाही. लोखंडाने जमिनीला विष चढतं, तण वाढतं, असं ते म्हणाले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्समने १८०३ मध्ये स्वतःच स्वतःला धार लावणाऱ्या फाळाचं पेटंट घेतलं. फाळाची खालची बाजू ओतताना एकदम थंड करायची, ती कडक होते, वरची बाजू मऊ राहते. शेतात चालताना मऊ बाजू आधी झिजते आणि कडक कड पुढे उघडी राहते. धार कायम. या युक्त्यांचे मक्ते विसाव्या शतकाच्या कितीतरी आधी सरले होते. मक्ता सरला की युक्ती सगळ्यांची होते, कायद्याची रचनाच तशी आहे. मराठवाड्याच्या घराशेतातल्या सुधारणेचा मोठा भाग असा मुदत संपलेल्या पेटंटांवर उभा आहे, असं मला वाटतं. चालू पेटंट आपल्या वाट्याला क्वचित आलं. जुनं, सर्वांसाठी मोकळं झालेलं ज्ञान आलं, आणि ते इथल्या मातीला बसवण्याचं काम इथल्या माणसांनी केलं.

हे काम ज्याने सर्वात चिकाटीने केलं त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेले. डोळ्यांत रंगांधळेपणा निघाला, तेव्हा रंग सोडून यंत्रांच्या आकृत्या काढायला लागले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवलं. बढती हुकली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला थोरल्या भावाकडे, रामुअण्णांकडे आले. दोघांचं सायकलचं दुकान होतं. त्याच्या जोडीला छोटा कारखाना आला. तिथे आधी कडबा कापायचं यंत्र झालं, मग लोखंडी नांगर.

नांगर बनवणं जमलं, विकणं जमेना. लोखंडाने जमीन नासते, असं इथलाही शेतकरी म्हणाला. न्यू जर्सीचा आणि कृष्णाकाठचा शेतकरी एकमेकांना कधी भेटले नव्हते, भीती मात्र शब्दाला शब्द लागून तीच. मला ती अडाणीपणाची वाटत नाही. ज्याच्याकडे दोन वर्षांचं धान्य साठलेलं नाही, ज्याचं एक पीक गेलं तर जमीन सावकाराच्या वहीत जाते, त्याने नवं औजार आधी दुसऱ्याच्या रानात चाललेलं पाहायचं ठरवलं तर तो शहाणपणाच आहे. किर्लोस्करांची दोनेक वर्षं पहिले नांगर खपवण्यात गेली. ते शेतात जाऊन चालवून दाखवावे लागले. आधी फाळाचा कडकपणाही साधत नव्हता. कडक केला तर तुटायचा आणि मऊ ठेवला तर झिजायचा. भट्टीची आणि ओतकामाची विद्या पुस्तकातून आणि चुकांमधून मिळवावी लागली.

तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेने वस्तीच्या वाढीसाठी कारखान्याची जागा मागितली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांना ओळखत होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० च्या मार्चमध्ये निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसायला लागली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढे आपल्या आत्मचरित्राला ‘कॅक्टस अँड रोझेस’ नाव दिलं. त्यातला निवडुंग हा तोच. लातूरला रूळ पोचायच्या एक वर्ष आधीची ही गोष्ट.

किर्लोस्करवाडीहून लातूरला नांगर येणं आज ऐकायला सोपं वाटतं. मधे काय काय होतं ते पाहा. कुंडल रोडहून मीटर गेजने पुण्याकडे, तिथून ब्रॉड गेजने कुर्डुवाडी, तिथे माल उतरवून कॅल्थ्रॉपच्या अरुंद गाडीत. रुळांच्या तीन रुंद्या आणि दोन वेळा हमाली. नांदेडची वाट वेगळी, मनमाडहून निजामाच्या मीटर गेजवर. तो मार्ग १९०० च्या सुमाराला गोदावरीच्या खोऱ्यातून सिकंदराबादपर्यंत पुरा झाला होता. राज्याच्या हद्दीत पाऊल पडलं की करोडगिरी. निजामाच्या राज्यात येणाऱ्या मालावर शेकडा ५ जकात होती आणि नाक्यावरचा करोडगिरीवाला हा मराठवाड्याच्या आठवणीत घट्ट बसलेला माणूस आहे. त्यापुढे नाण्याचा प्रश्न. कारखान्याचा दर कलदार रुपयात, शेतकऱ्याच्या कनवटीला हाली सिक्का. सात हालींना सहा कलदार हा भाव. म्हणजे औजार बाजारात पोचेपर्यंत त्याच्यावर रेल्वेचं भाडं, जकात आणि वटाव असे तीन थर चढलेले असत. कलकत्त्याच्या पेटंटाने नक्कल करणाऱ्यापासून संरक्षण दिलं असतं. या तीन थरांपासून कुठलाही कायदा वाचवत नव्हता.

आणि तरीही नांगर आला. याचं मुख्य कारण, माझ्या मते, फाळ सुटा होता. झिजला की नवा बसवता येत होता. बोहऱ्याच्या दुकानात फाळ मिळाला तर ठीक, नाहीतर गावाबाहेर पाल ठोकून बसलेला घिसाडी भात्यावर तापवून, ठोकून, काम भागवून द्यायचा. कारखान्यातल्या कडक ओतीव फाळासारखा तो टिकत नसे, पण पेरणीच्या आधी रान तयार व्हायचं. घिसाडी आणि लोहार यांनी नांगराचा प्रत्येक भाग उघडून पाहिला. बोल्टाऐवजी खिळा, लोखंडी इसाडाऐवजी लाकडी, असे बदल केले. कायद्याच्या भाषेत याला फारतर दुरुस्ती म्हणतील. पण नव्या वस्तूला बिघडण्याची भीती असते आणि ती भीती गावातल्या गावात दूर झाल्याशिवाय ती वस्तू कुणी घरात घेत नाही. १९२६ साली नेमलेल्या शाही कृषी आयोगाने सुधारित औजारांचा प्रश्न तपासला तेव्हा औजार साधं, स्वस्त आणि गावच्या कारागिराला दुरुस्त करता येईल असं हवं, हाच मुद्दा पुन्हा पुन्हा पुढे आला.

१९२० मध्ये किर्लोस्कर बंधू मर्यादित कंपनी झाली. त्याच साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. सुरुवातीला ते कारखान्याच्या बातम्यांचं पत्रक होतं. पुढे ते मराठीतलं एक मोठं मासिक झालं. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूतून, १९१८ मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं. अशा मुलखातल्या मराठी वाचकाला घरातल्या आणि शेतातल्या यंत्रांबद्दल स्वतःच्या भाषेत वाचायला मिळणं ही मोठी गोष्ट होती. पेटंटाच्या कागदावर युक्तीचं वर्णन इंग्रजीत असायचं. मासिकात ते मराठीत आलं.

कंदिलाची गोष्ट नांगरापेक्षा लहान आहे, पण घडण तीच. ज्योतीला लागणारी हवा बाजूच्या नळ्यांमधून खेळवायची, म्हणजे वाऱ्यातही दिवा विझत नाही, ही युक्ती जॉन इर्विन या अमेरिकनाने १८६८-६९ च्या सुमाराला पेटंट केली आणि डिट्झ कंपनीने तिचे कंदील जगभर पाठवले. अमेरिकेतला मक्ता तेव्हा १७ वर्षांचा, त्यामुळे १८८० चं दशक संपायच्या आत तो सरला. जर्मन कंपन्यांनी तसेच कंदील काढले. पहिल्या महायुद्धात जर्मनी-ऑस्ट्रियाचा काचमाल यायचा थांबला. काचा स्वदेशात करण्याचा प्रयत्न पैसाफंडाच्या तळेगावच्या कारखान्यात १९०८ पासून सुरू होताच. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काच कारखाना काढला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे इतका पसरला की जुनी माणसं अजूनही कंदील म्हणताना प्रभाकर म्हणतात. ज्या घरात तोही परवडत नव्हता तिथे चिमणी होती. रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची किंवा औषधाच्या बाटलीची, झाकणाला भोक पाडून वात ओवलेली. आयात झालेल्या रॉकेलबरोबर डबा आला आणि त्या डब्यातून पाण्याची भांडी, मापं, दिवे निघाले. दिव्याच्या इतिहासात चिमणीला जागा द्यायची तर एका संशोधकाचं नाव लिहिता येणार नाही.

मग मराठी माणसाने पेटंट घेतलंच नाही का? घेतलं, आणि भरपूर. शंकर आबाजी भिसे १८६७ मध्ये मुंबईत जन्मले. लंडनच्या एका संशोधकांच्या नियतकालिकाने १८९० च्या दशकात स्पर्धा ठेवली होती : पीठ, साखर असा किराणा आपोआप तोलून देणारं यंत्र बनवा. इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून मुंबईच्या भिश्यांनी ती जिंकली. दिनशा वाच्छांची ओळखपत्रं घेऊन ते लंडनला गेले, दादाभाई नौरोजींनी पाठबळ दिलं. स्वयंपाकघरातली साधनं, शौचकूपात आपोआप पाणी सोडणारी योजना, जाहिराती दाखवणारं विजेचं यंत्र, छपाईचे टाइप ओतणारं यंत्र, अशी त्यांची कामं पसरली. टाटांनीही पैसा घातला. पुढे ते अमेरिकेला गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले. त्यांचं चरित्र वाचताना मला सारखं जाणवतं की त्यांच्याकडे पेटंट होतं आणि कारखाना नव्हता. किर्लोस्करांकडे भट्टी, ओतशाळा, दारात उभा असलेला शेतकरी, सगळं होतं. भिश्यांना प्रत्येक नव्या युक्तीसाठी नवा भांडवलदार शोधावा लागला, आणि तोलणारं ते यंत्र लातूरच्या एखाद्या किराणा दुकानात पोचण्याचा रस्ताच तयार झाला नाही.

दोन वाटा एकदा एकमेकींना भेटल्या, त्या चरख्यापाशी. १९२९ मध्ये गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. अटी अशा होत्या की आजही वाचताना त्यामागचा विचार दिसतो. यंत्र हलकं हवं, झोपडीत ठेवता येईल असं हवं, हातापायाने चालणारं हवं. एक बाई फार न थकता आठ तास चालवू शकेल असं हवं. आठ तासांत १२ ते २० नंबरचं सोळा हजार फूट, म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर सूत निघालं पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या वर नको. वीस वर्षं टिकलं पाहिजे आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या शेकडा ५ पेक्षा जास्त होता कामा नये. यंत्र हिंदुस्थानात बनलेलं हवं. आणि पेटंटाबद्दलची अट : संशोधकाला आधी स्वतःच्या नावाने पेटंट घ्यायची मोकळीक आहे, पण बक्षीस हवं असेल तर तो हक्क चरखा संघाकडे सोडला पाहिजे.

दुरुस्तीचा खर्च अटीत लिहिणारी पेटंटासंबंधीची दुसरी स्पर्धा मला माहीत नाही. घिसाड्याच्या भात्याजवळ जो धडा नांगराने शिकवला तोच इथे कलमात आला होता.

गणेश भास्कर काळे यांनी या स्पर्धेसाठी यंत्र बनवलं, आणि ते घडलं किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात. नांगर करणारे हात चरख्याला लागले. काळ्यांच्या यंत्राची पुष्कळ चर्चा झाली, चाचण्या झाल्या. सगळ्या अटी त्यात पुऱ्या झाल्या नाहीत. एक लाखाचं बक्षीस अखेर कुणालाच मिळालं नाही. येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजी चरख्यावर प्रयोग करत राहिले, त्यातून पेटीत मावणारा चरखा रूढ झाला. अनेक चात्यांचा अंबर चरखा तमिळनाडूतल्या एकंबरनाथांनी बनवला आणि तो स्वातंत्र्यानंतर देशभर गेला.

नांदेडमध्ये याच काळात दुसऱ्या टोकाचं चित्र उभं होतं. गावात उस्मानशाही मिल निघाली होती, आसपास जिनिंगचे कारखाने होते, आणि परिसरातला गावराणी कापूस लांब धाग्यासाठी नावाजलेला होता. ज्या कापसाच्या भरवशावर मिल चालत होती, त्याच कापसाचं सूत घरात काढावं असं चरखा संघ सांगत होता. मिलच्या चात्या परदेशी कारखान्यांतून आलेल्या, एकेका भागामागे कुणाचं ना कुणाचं पेटंट असलेल्या. घरच्या चरख्याचा हक्क मात्र कुणा एकाचा होऊ नये, यासाठी लाख रुपये मोजायची तयारी. मिल आता नाही. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती १९६७ पासून आहे. तिच्या उदगीरच्या केंद्रात राष्ट्रध्वजाचं कापड विणलं जातं आणि नांदेडला त्याचे ध्वज होतात.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं. करोडगिरीचे नाके पुढच्या काही वर्षांत उठले, हाली सिक्का गेला, आणि देशाचा पेटंट कायदा मराठवाड्यालाही लागू झाला. कायदा लागू झाला तेव्हा त्याची अवस्था काय होती हे न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालात दिसतं. हिंदुस्थानातली ८० ते ९० टक्के पेटंटं परदेशी लोकांच्या नावावर होती आणि त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक पेटंटांवर या देशात वस्तूच बनत नव्हती. मक्ता नोंदवायचा, माल बाहेरून पाठवायचा आणि इथे कुणी बनवू लागला तर अडवायचं. निजामाच्या हद्दीतला शेतकरी या कायद्यापासून चाळीसेक वर्षं लांब राहिला, यात त्याचं फार नुकसान झालं असं म्हणवत नाही. नुकसान झालं ते निराळ्या बाजूने. लातूर-नांदेडच्या सुताराने, लोहाराने जे बदल केले ते कुठे उतरवून ठेवले गेले नाहीत. पेटंटाचा कागद मक्ता देतो, पण त्याआधी तो वर्णन मागतो, आकृती मागतो. आपल्याकडे मक्ता नव्हता आणि वर्णनही नव्हतं. मराठवाड्यातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या तिफणीच्या मापांची, गावोगावच्या फरकांची आकृतीसह नोंद हवी होती. ती माहिती ज्यांच्या हातात होती ते गेले आणि त्यांच्याबरोबर तीही गेली. मला या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वात जास्त लागते.

१९७० मध्ये नवा पेटंट कायदा झाला, १९७२ पासून अमलात आला. त्यात शेती करण्याच्या पद्धतीला पेटंट मिळणार नाही असं कलम आहे. म्हणजे नांगराचं पेटंट घेता येईल, नांगरण्याचं नाही.

लातूरची छोटी गाडी २००८ च्या आत बंद होऊन तिथे रुंद रूळ आले. बैलाची तिफण सोयाबीनच्या रानात क्वचितच दिसते, तिची जागा ट्रॅक्टरमागच्या पेरणी यंत्राने घेतली आहे. नांदेड आणि लातूरच्या रस्त्यांच्या कडेला, गॅरेजांच्या रांगेत, ही यंत्रं जोडणारी फॅब्रिकेशनची दुकानं आहेत. मृगाच्या आधी तिथे गर्दी असते. शेतकरी येतो, आपल्या रानाची जात सांगतो, दोन ओळींत किती इंच सोडायचे ते वीत मांडून दाखवतो, आणि वेल्डिंगवाला खडूने पट्टीवर खूण करून तिथे भोक पाडतो.